दाराच्या पोटात पाऊस

मुलांनो, गेल्या खेपेला आपण मिक्सरच्या भांड्याचं बूड खोलून पाहिलं होतं. त्यावर पुष्कळ पत्रं आली. एका मुलीनं लिहिलंय, "मामा, भांडं मी खोललं, पण बसवताना वॉशर उलटा बसला आणि सगळी चटणी ओट्यावर आली. आई अजून रागावली आहे." आईचा राग जाईल गं! पण वॉशर कशासाठी असतो, हे आता तू विसरणार नाहीस.

आज जरा मोठी वस्तू घेऊ या. चारचाकी गाडीचं दार! तुम्ही गाडीत बसता, कोपर टेकवता, बाटली ठेवता, ते दाराचं आतलं अंग आठवा. राखाडी नाहीतर काळं, प्लॅस्टिकचं, मध्ये कापड लावलेलं. गॅरेजमध्ये त्याला डोअर पॅड म्हणतात. आता सांगा पाहू, त्या पॅडच्या मागं काय असतं? आणि दुसरा प्रश्न. धो धो पावसात काच पूर्ण बंद असली, तर दाराच्या आत पाणी शिरतं का?

"नाही" म्हणालात ना? मीसुद्धा एके काळी तसंच म्हणालो होतो, आणि ते मला चांगलंच महागात पडलं. ते पुढं सांगतो.

गोष्ट २०२५ च्या जुलैतली. माझी ताई साताऱ्याला असते. त्यांच्याकडे सात जण बसतील अशी उंच गाडी आहे, २०१४ साली घेतलेली. घरात ताई, दाजी, दाजींची आई म्हणजे मुलांची आजी, आठवीतली भाची आणि चौथीतला भाचा. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पुण्याला मंगळवारी ठरलं होतं. मी शनिवारी संध्याकाळी पोचलो, तर घरात एकदम शांतता. भाचा कोपऱ्यात तोंड फुगवून बसलेला. जेवायलाही उठेना.

झालं होतं असं. दुपारी सगळे बाजारातून येत होते. भाचा नेहमीच्या जागी, म्हणजे मागच्या डाव्या खिडकीशी. त्यानं काच वर करायचं बटण दाबलं आणि 'खट्' असा आवाज होऊन काच धप्पकन दारात गडप झाली. पुन्हा वर येईना. पाऊस सुरूच होता. सीट भिजली. दाजी चिडले. "सतरा वेळा सांगितलं, त्या बटणाशी खेळू नकोस म्हणून! मोडलीस ना शेवटी?"

"मी एकदाच दाबलं," भाचा म्हणाला. पण त्याचं कोण ऐकतो? बटणाशी खेळायची खोड त्याला होतीच.

गॅरेजवाल्यांनी फोनवर सांगितलं की गुरुवारच्या आधी हात लागणार नाही. आणि मंगळवारी पुण्याला जायचं, शंभर-सव्वाशे किलोमीटर, भर पावसात. जाताना एक वेळ छत्री धरून बसता येईल, पण येताना? ऑपरेशन झालेल्या डोळ्यात पाण्याचा थेंब जाऊन चालत नाही, धूळही चालत नाही. आजी म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात करू रे, काही अडत नाही." पण त्यांना चहाचा कप कुठं ठेवलाय ते चाचपडून शोधावं लागत होतं, ते आम्हाला दिसत होतं.

मग ठरलं. रविवारी सकाळी आपणच दार खोलायचं.

थांबा, थांबा! पाना शोधायला धावू नका. आधी ऐकायचं काम. कुठलीही वस्तू खोलण्यापूर्वी ती न खोलता किती कळतं ते पाहायचं असतं. मी दाजींना किल्ली फिरवायला सांगितली आणि भाचीला दाराला कान लावायला सांगितलं. बटण दाबलं. आतून 'घुंईई' आवाज आला, काच जागची हलली नाही.

"मोटर चालू आहे," भाची म्हणाली.

"मग बटण?"

"बटण बरं असणार. नाहीतर मोटर कशी चालेल?"

"फ्यूज?"

"तोही बरा."

बघा, पॅडला हात न लावता चार संशयित सुटले: फ्यूज, बटण, वायर आणि मोटर. आवाजच आला नसता, तर आम्ही आधी फ्यूजची डबी उघडली असती आणि कदाचित दार खोलायची वेळच आली नसती. आता उरलं ते मोटर आणि काच यांच्या मधलं काहीतरी. त्या सगळ्या जोडणीला गॅरेजात काच मशीन म्हणतात.

ताईनं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती फार मोलाची ठरली. "महिनाभर झालं, हे दार लावताना आतून डुबुक डुबुक आवाज येतो."

डुबुक! लक्षात ठेवा हा आवाज.

आता थोडं जुनं सांगतो. गाडीच्या दाराला पॅड हवंच असं काही नाही. १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत महिंद्रा कंपनीनं विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्या जीपला मुळात दारंच नसत. पाऊस आला की ताडपत्री. पुढं १९९४ मध्ये टाटांची सुमो आली. (हे नाव जपानी पैलवानांवरून नाही बरं का, कंपनीचे सुमंत मुळगावकर यांच्या नावातल्या 'सु' आणि 'मू'वरून आहे.) त्या काळच्या बहुतेक गाड्यांत काच वरखाली करायला हातानं फिरवायचं हँडल असे. आजही काही गाड्यांत असतं. तुमच्याकडे असेल तर त्याची एक गंमत सांगतो. त्या हँडलला स्क्रू दिसत नाही, मग ते निघतं कसं? हँडल आणि पॅड यांच्या फटीत एक जुनं फडकं घालायचं, दोन्ही टोकं धरायची आणि बुटाला पॉलिश करताना ओढतो तसं इकडून तिकडं ओढायचं. मागं तारेची एक वाकडी क्लिप असते, तिची टोकं फडक्यात अडकतात आणि ती टुणकन बाहेर उडते. उडते म्हणजे खरंच उडते! त्यामुळं दुसऱ्या हातानं आडोसा धरायचा. मी लहानपणी ती क्लिप दोन तास अंगणात शोधली आहे.

आमच्या गाडीला बटण होतं, म्हणून ती गंमत नव्हती. पण दुसरी एक काळजी होती. एअरबॅग. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या प्रत्येक मोटारीत निदान चालवणाऱ्यासाठी ती सक्तीची झाली. ती स्टिअरिंगमध्ये असते हे तुम्हाला माहीत असेल. पण काही गाड्यांत ती सीटच्या कुशीत असते, काहींत छताच्या कडेला, खिडकीवरच्या पट्टीमागं दडवलेली असते. धडक बसली की सेकंदाच्या वीसाव्या भागाच्या आत ती फुगते. भलत्या वेळी, आपण तिच्यासमोर तोंड करून बसलेलो असताना ती फुगली तर? म्हणून नियम सांगतो आणि हा नियम मोडायचा नाही: ज्या पॅडवर किंवा पट्टीवर एअरबॅग असं लिहिलेलं दिसेल, किंवा आत पिवळ्या रंगाचा कप्लर दिसेल, तिथं आपला हात नाही. ते काम शिकलेल्या मेस्त्रीचं. काही गाड्यांत दाराच्या आतही धडक ओळखणारा सेन्सर असतो. दाजींनी गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढून पाहून घेतलं. या गाडीच्या मागच्या दारात, सीटमध्ये किंवा खांबात तसलं काही नव्हतं. मग दाजींनी किल्ली काढून खिशात टाकली, बॉनेट उघडून बॅटरीची वजा खुणेची तार सोडली आणि आम्ही बसलो.

सामान काय लागलं? एक स्क्रू ड्रायव्हर, दहा नंबरचा पाना, हातमोजे, बॅटरी आणि ताईचं नॉनस्टिक तव्याचं प्लॅस्टिकचं उलथणं. उलथणं कशाला ते येतंच आहे. आणि अंड्यांचा पुठ्ठ्याचा रिकामा ट्रे. एकेक स्क्रू काढायचा, एकेका खळग्यात टाकायचा, आणि खळग्यापाशी पेननं लिहायचं, कुठला आहे तो. हे काम भाचीकडे. शिवाय प्रत्येक पायरीला मोबाइलवर एक फोटो.

भाचा अजून ओट्यावरच बसून लांबून बघत होता.

पॅडचे स्क्रू समोर दिसत नाहीत. दिसले तर गाडी कुरूप दिसेल ना! ते लपवलेले असतात, आणि त्यांच्या लपायच्या जागा बहुतेक गाड्यांत त्याच त्या असतात. आतून दार उघडायची कडी ओढा, तिच्या मागं नखाएवढं झाकण असतं, त्याखाली एक. दार ओढून लावायला जो खड्डा असतो, त्याच्या तळाशी रबराची चकती असते, ती उचला, त्याखाली दुसरा. खालच्या कप्प्यात बाटलीमागं एखादा. आम्हाला तीन सापडले. भाची म्हणाली, "झाले." मी पॅड हलवून पाहिलं, तर एक कोपरा जरा जास्तच घट्ट वाटला. पुन्हा शोधलं. कडेच्या शिवणीत चौथा होता! तो तसाच ठेवून पॅड ओढलं असतं, तर पॅड फाटलंच असतं. म्हणून सांगतो, निघत नसेल तर जोर वाढवायचा नाही, स्क्रू शोधायचा.

स्क्रू निघाले तरी पॅड पडत नाही. ते क्लिपांवर बसलेलं असतं. तुम्ही गवतातून चालत आलात की मोज्यात कुसळं शिरतात, आठवतं? आत जाताना कळतही नाही, आणि बाहेर काढताना मात्र उलटी अडकतात. या क्लिपा तशाच. मधे दांडी आणि तिला मागं कललेले पंख. पत्र्याच्या भोकात ढकललं की पंख मिटतात, पलीकडे गेले की पसरतात. तर उलथणं घालायचं ते खालच्या कडेनं, अगदी क्लिपेच्या जवळ. मधोमध ओढलं तर प्लॅस्टिक वाकतं आणि क्लिपेचं घरटंच उखडतं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर घातला तर कडेला पांढरा ओरखडा कायमचा. थंडीत प्लॅस्टिक कडक असतं, लवकर तडकतं. उन्हात दहा-पंधरा मिनिटं ठेवलेलं बरं. जुलैत ऊन कुठलं? आम्ही सावकाश काम केलं, एवढंच.

'टक्!' पहिली क्लिप निघाली. भाचीनं दचकून हात काढला. "मोडलं?" नाही, हा आवाज असाच असतो. 'टक्, टक्, टक्.' एक मात्र खरंच मोडली. एकूण आठ होत्या. मग पॅड वर उचललं. वरच्या कडेनं ते काचेच्या फटीत अडकवलेलं असतं, त्यामुळं सरळ बाहेर ओढून येत नाही. आणि झटकन उचलून पळायचंही नाही. मागं बटणाच्या वायरी आणि कडीची तार जोडलेली असते. कप्लरची जीभ दाबून तो सोडवला आणि पॅड जाजमावर उताणं ठेवलं.

उताण्या पॅडवर दोन गमती दिसल्या. एका जागी 'पीपी' अशी इंग्रजी अक्षरं कोरलेली. म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या खाऊच्या डब्याचं प्लॅस्टिक. गाडी भंगारात जाईल तेव्हा कुठलं प्लॅस्टिक कशात वितळवायचं ते कळावं म्हणून ही खूण. आणि दुसऱ्या जागी घड्याळासारखी गोल तबकडी, कडेनं १ ते १२ आकडे, मध्ये बाण आणि १३ हा आकडा. बाण ११ वर होता. कसलं घड्याळ हे?

"२०१३ चा नोव्हेंबर!" हे कोण बोललं? तर भाचा. ओट्यावरून उतरून केव्हा आला कळलंच नाही. अगदी बरोबर होतं. साच्यातच ती तारीख असते. पॅड नोव्हेंबरात जन्मलं आणि गाडी जानेवारीत घरी आली.

तर पॅड निघालं. आता दाराचं पोट दिसेल? नाही! समोर होता एक भलामोठा प्लॅस्टिकचा कागद, काळ्या चिकट गोंदानं चहूबाजूंनी डकवलेला. आता माझी जुनी चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी एका मित्राच्या गाडीचा स्पीकर बदलायला दार खोललं होतं. हा कागद पाहिला आणि मला वाटलं, कारखान्यात गाडी बांधून पाठवतात त्या वेष्टणाचा राहून गेलेला तुकडा आहे. टराटरा फाडला आणि फेकून दिला. स्पीकर बसवला, पॅड बसवलं, गाणी छान वाजली. पावसाळा आला. महिन्याभरात गाडीत कुबट वास. पायाखालचा गालिचा ओला. मित्रानं काच बदलली, रबर बदललं, वरून सील लावून घेतलं. पाणी येतच राहिलं. गालिचा कुजला, नवा स्पीकरही गेला. शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी पॅड काढलं आणि विचारलं, "इथला कागद कुणी खाल्ला?" मी समोरच उभा होतो. मित्रानं काही म्हटलं नाही, पण गालिच्याचे पैसे त्यानंच भरले, आणि ते मला अजून टोचतं.

तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर. दारात पाणी शिरतं. रोज, प्रत्येक पावसात, प्रत्येक गाडीत. काच जिथं दारात शिरते तिथं बाहेरून रबराचा ओठ असतो. तो काच पुसतो, पण पाणी पूर्ण अडवू शकत नाही. अडवायला इतका घट्ट केला तर काचच हलायची नाही. म्हणून गाडी बनवणाऱ्यांनी पाण्याशी भांडणच केलेलं नाही. ये बाबा आत, काचेच्या बाहेरच्या अंगानं खाली उतर, आणि दाराच्या तळाशी भोकं ठेवली आहेत तिथून निघून जा. आपल्या कौलारू घराच्या पन्हळीसारखंच आहे हे. आतला कागद एवढंच पाहतो की उडालेले शिंतोडे पॅडकडे, म्हणजे आपल्याकडे येऊ नयेत. कागदाची खालची कड दाराच्या आत वळवलेली असते, म्हणजे त्यावरचं पाणी पुन्हा दारातच ठिबकतं.

या वेळी कागद आम्ही बोटभर बोटभर सोडवला, गोंद तसाच राखला आणि कागद धूळ लागू नये म्हणून उलटा टांगून ठेवला. तो काळा गोंद मात्र हाताला लागला की साबणाला दाद देत नाही. आजींनी खोबरेल तेलाची बाटली आणून दिली, तेव्हा निघाला.

आता बॅटरी आत मारली. काय काय होतं सांगू? आडवा जाड लोखंडी दांडा, बाजूनं धडक बसली तर आपल्याला वाचवणारा. मोटर, मुठीएवढी. तिच्यापासून सायकलच्या ब्रेकच्या तारेसारखी तार, वर एका कप्पीवरून, खाली दुसऱ्या कप्पीवरून. आणि तळाशी, पत्र्याला टेकून पडलेली आमची काच. तारेवर काच धरून ठेवणारा एक प्लॅस्टिकचा गुटका असतो. मोटर तार ओढते, तार गुटका ओढते, गुटका काच नेतो. तो गुटका दोन तुकडे होऊन पडला होता.

मोटरजवळ एक मळसूत्र असतं, ते एक दातेरी चाक फिरवतं. मळसूत्र चाकाला फिरवू शकतं, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. म्हणून बंद काच बाहेरून कुणी हातानं दाबून खाली करू शकत नाही. चोरांची पंचाईत! पण गुटकाच तुटला तर मळसूत्र काय करणार?

मी दोन्ही तुकडे बाहेर काढले. दाजी म्हणाले, "बघा! हे एवढं दाबलं की तुटणारच."

भाच्याचं तोंड पुन्हा उतरलं. तेव्हा मी भाचीला तिचं भिंग आणायला सांगितलं. तुटलेल्या जागा नीट पाहिल्या. पाऊण भाग काळा, गुळगुळीत, जुनं ग्रीस आणि धूळ अगदी तडीच्या आत मुरलेली. आणि एका कडेला फक्त पाव भाग पांढरा, खरखरीत, स्वच्छ. आता तुम्हीच पंच व्हा. काल एका झटक्यात तुटला असता, तर सगळीच जागा पांढरी दिसायला हवी. तडीच्या आत ग्रीस मुरायला वेळ लागतो, कित्येक महिने. म्हणजे गुटका केव्हाच तडकला होता. रोज थोडा थोडा. काल फक्त उरलेला पाव भाग गेला. शेवटचं बटण कुणाच्या बोटाखाली येणार, हे काही त्या बोटाला माहीत नव्हतं.

अशा तुटण्याला इंजिनिअर लोक थकवा म्हणतात. कागदाची टाचणी पुन्हापुन्हा वाकवा, एकदाही जोर न लावता तुटते, तसंच. १९५४ मध्ये कॉमेट नावाची दोन जेट विमानं आकाशात तुटून समुद्रात पडली. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी समुद्रातून तुकडे काढले, एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हापुन्हा दाब दिला, आणि शेवटी सापडलं तेही हेच. छिद्राच्या कोपऱ्यापाशी धातू थकून तडकला होता. तुटलेला तुकडा फेकायच्या आधी भिंगाखाली धरायचा तो यासाठी.

पण गुटका इतका का थकला? मी तळाशी हात घातला, तर पाणी! चांगलं मनगटभर. आठवलं ना, डुबुक? तळाची भोकं चिखलानं बुजली होती. खराट्याची काडी बाहेरून घालून टोकरलं, तसं लाल पाणी भळाभळा वाहिलं, तांब्याभर तरी असेल. त्याबरोबर टोलच्या दोन पावत्या, आइस्क्रीमची काडी आणि लिमलेटच्या गोळ्यांचे कागद आले. काचेच्या फटीतून कुणीतरी आत सारलेले.

"लिमलेट मला आवडत नाही," भाचा म्हणाला.

भाची एकदम अंड्यांच्या ट्रेमधले स्क्रू मोजायला लागली.

कागदानं भोक बुजलं, पाणी साचलं, आतल्या पट्टीला गंज चढला, वरच्या रबरात माती बसली. काच दर वेळी घासून, अडखळून चढायची. तो सगळा ताण त्या गुटक्यानं सोसला. दाजी बराच वेळ दोन्ही तुकडे जुळवून बघत राहिले. मग भाच्याला म्हणाले, "ये इकडं. बॅटरी नीट धर, मामांना दिसत नाही." आणि दुपारी जेवताना आपल्या ताटातली कुरडई त्याच्या ताटात ठेवली. आमच्या दाजींची माफी एवढीच असते.

आता दुरुस्ती. निराश होऊ नका, पण दुरुस्ती झाली नाही! मी पट्टी बांधून पाहिली, गोंद लावून पाहिला. प्लॅस्टिक थकलं होतं, ते धरेना. रविवारी साताऱ्यात ती मशीन मिळेना. मग काय? काच वर तर हवी. दाजींनी आणि मी दोन्ही बाजूंनी तळवे लावून काच हळूहळू वर सरकवली. ही काच ठोकरली, विशेषतः कडेवर, तर एका क्षणात हजार दाण्यांची रास होते, म्हणून हातमोजे. ताईनं वरून रुंद चिकटपट्टी चौकटीवरून मारली, म्हणजे आमचे हात मोकळे झाले. काचेच्या खालपासून तळापर्यंत भाच्यानं फूटपट्टीनं मोजलं. त्या मापाचा लाकडी ठोकळा कापला, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि काचेखाली उभा केला. तळाची भोकं ठोकळ्याखाली येणार नाहीत, हे भाच्यानंच दोनदा पाहिलं. ठोकळा बाजूला सरकू नये म्हणून तो पत्र्याला बांधला. बटणाचा कप्लर जोडलाच नाही, नाहीतर कुणीतरी सवयीनं दाबायचं. कागद पुन्हा डकवला, खालची कड आत. पॅड वरून अडकवलं, तळव्यानं थाप मारत क्लिपा बसवल्या, चार स्क्रू चार खळग्यांतून आपापल्या घरी गेले. शेवटी बॅटरीची तार जोडली. गाडी सुरू झाली.

मंगळवारी पहाटे पाऊस इतका होता की वायपर पुरेना. आजी त्याच डाव्या खिडकीशी बसल्या. मी पुढून दर दहा मिनिटांनी मागं वळून बघत होतो. त्यांनी काचेला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "कोरडं आहे रे. पुढं बघ तू."

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी दाजींनी नाना पेठेत जाऊन नवी काच मशीन आणली. तिथं गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानंच दुकानं आहेत. जुन्या गुटक्याचे तुकडे त्यांनी खिशातून नेले होते, दुकानदारासमोर ठेवायला. मोडक्या भागापेक्षा चांगलं वर्णन कुठलंच नसतं. पुढच्या रविवारी दार पुन्हा खोललं. या वेळी पॅड काढायला वीस मिनिटं लागली, पहिल्यांदा सव्वा तास लागला होता. नवी मशीन चार नटांवर बसली, काचेच्या दोन्ही कडांच्या रबरी खाचा ओल्या फडक्यानं पुसल्या, वाळल्यावर सिलिकॉनचा फवारा मारला. ग्रीस रबराला कधी लावायचं नाही, माती धरतं. पॅड बसवण्यापूर्वी दार उघडंच ठेवून, सगळ्यांनी हात बाहेर काढल्यावर, बटण दाबून पाहायचं होतं.

"मी दाबू?" भाच्यानं विचारलं.

"तूच दाब," दाजी म्हणाले.

काच सरसर वर गेली. तो म्हणाला, "एकदाच दाबलं हं!"

पॅड बसवल्यावर ट्रेमध्ये एक क्लिप उरली. मोडलेलीच्या जागी दोन नव्या आणल्या होत्या, त्यातली एक जास्तीची असेल, असं मी म्हटलं. भाचीनं ती कंपासपेटीत ठेवली. काल तिचं पत्र आलंय: "मामा, क्लिप जास्तीची नव्हती. ऐंशीच्या पुढं गाडी गेली की दार झिर्रर्र वाजतं. मी कान लावून जागा शोधली आहे, खालून तिसरं भोक. तुम्ही येणार की आम्हीच खोलू? उलथणं आईनं परत नेलंय."